न थांबणाऱ्या बसबद्दल जाहीर आभार

सदर प्रकरणातील तथ्ये पुढीलप्रमाणे आहेत. यवतमाळ जिल्ह्यात, डांबरी रस्त्याला अगदी चिकटून, सत्तेचाळीस बंजारा घरांचा लालमाती तांडा आहे. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तालुक्याला जाणारी बस या तांड्यासमोरून जाते. ती थांबत नाही. बसमध्ये जागा असते, तांड्यावर प्रवासी असतात, रस्ता सपाट असतो आणि ब्रेकही चांगल्या स्थितीत असतो. परंतु लालमाती हा अधिकृत थांबा नसल्यामुळे बस पुढे तीन किलोमीटरवर पांढरी फाट्याला थांबते. तिथे एकही घर नाही. एक बाभूळ आहे, आणि तिला कुठे जायचं नसतं.

मी बळीराम, या तालुक्याचा वार्ताहर. गेली एकोणीस वर्षं मी मुख्यतः एकाच विषयावर लिहीत आलो आहे, तो म्हणजे 'निवेदन देताना'. लोक लोकप्रतिनिधीला कागद देतात, मी फोटो काढतो आणि खाली डावीकडून नावं लिहितो. अनुभवावरून सांगतो, एका निवेदनाला सरासरी अकरा हात लागलेले असतात आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे असतात. कागदाकडे बघणारा माणूस फोटोत चांगला येत नाही, म्हणून मीच तसं सांगतो.

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते बबिता राठोडच्या हजेरीमुळे. बबिता म्हणजे तांड्याचे नाईक, अर्थात प्रमुख, रूपसिंग यांची नात, बारावीत शिकणारी. तिच्यासारख्या आणखी चार मुली तांड्यावरून तालुक्याच्या कॉलेजात जातात. पांढरी फाट्याचा रस्ता जंगलाच्या कडेनं जातो आणि जूनमध्ये वनखात्यानं तिथे पाटी लावली, की या भागात वाघाचा वावर असून पहाटे एकट्यानं फिरू नये. त्यामुळे घरातला कोणी मोठा माणूस मोकळा असेल त्याच दिवशी मुली फाट्यापर्यंत जात. पेरणीच्या दिवसांत मोकळा माणूस कुठला मिळणार? जुलैअखेर बबिताची हजेरी अठ्ठावन्न टक्के झाली. पंच्याहत्तर भरली नाही तर हॉल तिकीट नाही, असं कॉलेजनं लेखी कळवलं. हॉल तिकीट नसेल तर उन्हाळ्यात लग्न, असं तिचे काका देवसिंग यांनी तोंडी कळवलं. देवसिंग ग्रामपंचायत सदस्य आहेत आणि त्यांच्या तोंडी सूचना घरात लेखीपेक्षा लवकर अमलात येतात.

बबितानं स्वतःच निवेदन लिहून आणलं होतं. त्यात एकच वाक्य होतं: 'सकाळी सात दहाची बस आमच्या तांड्यासमोर अर्धा मिनिट थांबावी, ही विनंती.'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच पाह्यजे भाऊ. पाच पोरी चढाले अर्धा मिनिट लय होते."

मी तिला समजावलं की अशानं निवेदनाची किंमत राहत नाही. निवेदनाला विषय लागतो, संदर्भ लागतो, स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षं उलटूनही असा एक परिच्छेद लागतो आणि शेवटी तीव्र आंदोलनाचा इशारा लागतो. मी ते अडीच पानांचं करून दिलं. अर्धा मिनिट दुसऱ्या पानाच्या शेवटी गेला. तेवढ्या मजकुरात तो मलाही पटकन सापडत नव्हता, पण निवेदन भारदस्त झालं.

निघायच्या दिवशी रूपसिंग नाईक पांढरं पागोटं बांधून, हातात शाल आणि नारळ घेऊन उभे होते. मी म्हटलं, "नाईकबाबा, हे कशाला? आपण मागायला चाललो आहोत."

"मागाले चाल्लो म्हणूनच त," ते म्हणाले. "खाली हातानं मागणारा भिकारी दिसते. आमच्यात पयले मान द्याचा, मंग काम सांगाचं. पंचायतीतबी असंच हाये."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज विचाराल तर सांगेन, सगळं बिघडलं ते त्या नारळापासून.

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात त्यांचे स्वीय सहायक पुंडलिकराव बसलेले असतात. अतिशय सौजन्यशील माणूस. त्यांच्यापुढे दोन रजिस्टरं होती, एक जाड आणि एक बारीक.

"काम हाये का सत्कार?" त्यांनी विचारलं.

"काम," बबिता म्हणाली.

"कामाचे लोक गुरुवारी येतेत. या गुरुवारी नाई, त्याच्या पुढच्या. सायब आता निघून राह्यले, नेरले कार्यक्रम हाये." मग त्यांची नजर खाली गेली. "अन् हा नारळ कायले आणला?"

"सायबाले द्याले," नाईक म्हणाले.

"मंग सत्कार म्हणा ना बावा! सत्काराले अपॉइंटमेंट लागत नाई." पुंडलिकरावांनी जाड रजिस्टर पुढे ओढलं. "या इथं, 'सत्काराचे कारण' ह्या रकान्यात लिहा. कारण लागतेच. मागच्या साली एका गावानं बिनकारणाचा सत्कार केला, त लोकायले वाटलं सायबाचा वाढदिवस हाये. चार केक आलते. साहेबायले शुगर हाये."

देवसिंगांनी पेन घेतलं. पंचायतीच्या कामात मुरलेला माणूस, अडला नाही. त्यांनी लिहिलं: 'लालमाती तांडा येथे बसथांबा दिल्याबद्दल.'

"काका, देल्ला कुठी?" बबिता म्हणाली.

"देतीन ना वं. आधी आभार मानले त माणूस शरमेनं तरी काम करते."

आतमध्ये आमदारसाहेब उभेच होते. शाल अंगावर पडल्यावर त्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकराव हळूच म्हणाले, "बसथांबा, लालमाती." साहेबांना आपण थांबा दिल्याचं आठवत नव्हतं, पण दिलेल्या सगळ्याच गोष्टी लक्षात ठेवणारा माणूस कोता असतो. ते नम्रपणे म्हणाले, "यात आभार कसले? ते माझं कर्तव्यच होतं."

"सायब, बस अजून—" बबितानं कागद पुढे केला.

"शिकतेस ना? शिक. खूप शिक," साहेब म्हणाले आणि कागद हातात घेतला. मी सवयीनं ओरडलो, "इकडे बघा!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फोटो उत्तम आला. कागद अडीच पानांचा आणि माझ्या अक्षरातला असल्यामुळे लांबून सन्मानपत्रासारखा दिसत होता. साहेबांच्या कार्यालयानं तो नंतर काचेत लावला. त्यातला तीव्र आंदोलनाचा इशारा मी परवा भिंतीवर वाचून आलो.

बातमीही मीच दिली. 'लालमाती तांड्याला अखेर थांबा. ग्रामस्थांकडून आमदारांचे आभार.' रजिस्टरमध्ये जे लिहिलं होतं तेच मी लिहिलं. 'अखेर' हा शब्द तेवढा माझा, तो माझ्याकडून आपोआप पडतो. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. संध्याकाळपर्यंत त्याला चारशे बारा लाईक आले. खाली लोकांनी 'अभिनंदन', 'विकासपुरुष' वगैरे लिहिलं. यवतमाळातल्या, पुसदमधल्या, थेट पुण्यात नोकरीला असलेल्या लोकांनीही लाईक केलं. लालमाती कुठे आहे हे यातल्या एकानंही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आगारप्रमुखांनी वाचली. आमदारांनी थांबा दिला आणि आगाराला त्याची खबर नाही, ही गोष्ट त्यांना नोकरीच्या प्रकृतीला मानवणारी वाटली नाही. त्यांनी तातडीनं एक आदेश काढला आणि त्यावर महिनाभरापूर्वीची तारीख घातली. फाईलला पुरावा म्हणून फोटो जोडला, त्याखालचे चारशे बारा लाईकही छापून जोडले. एवढ्या लोकांनी पसंत केलेला थांबा नाहीच, असं म्हणणं कोणालाही जड गेलं असतं.

अशा रीतीनं लालमातीला थांबा मिळाला. बस मात्र पूर्वीसारखीच भरधाव गेली. बबिता आणि तिच्या मैत्रिणींनी हात केले. बसमधल्या काही प्रवाशांनी, बातमी वाचलेली असल्यामुळे, त्यांना आनंदानं हात केले.

मी, नाईक आणि बबिता आगारात गेलो. आगारप्रमुख म्हणाले, "थांबा मंजूर आहे. आदेश बघा."

"बस थांबत नाई साहेब," नाईक म्हणाले.

"तो विषय वेगळा आहे. थांबा असणे हे वाहतूक शाखेकडे येतं. बस थांबणे हे वेळापत्रकाकडे. वेळापत्रकात लालमातीसाठी वेळ नाही."

"अर्धा मिनिट पाह्यजे फक्त," बबिता म्हणाली.

"अर्ध्या मिनिटाची तरतूदच नाही ना, बेटा. नियमात दोन मिनिटांपासून पुढे आहे आणि दोन मिनिटं गाडीला परवडत नाहीत." ते खरोखर हळहळले. मग फाईल चाळता चाळता थबकले. "अरे हो, तुम्ही आलात ते बरं झालं. साध्या गाडीचे दोन थांबे चार किलोमीटरच्या आत ठेवता येत नाहीत. लालमाती मंजूर झाल्यामुळे पांढरी फाटा रद्द करावा लागतोय. सोमवारपासून."

सोमवारपासून बस पांढरी फाट्यालाही थांबेनाशी झाली. आता सर्वांत जवळचा थांबा सात किलोमीटरवर गेला. थांब्यापासून लांब राहणाऱ्या मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळणार होत्या, त्या यादीत या पाचही जणींची नावं होती. आदेशाची प्रत त्या योजनेच्या कार्यालयातही पोचली आणि नावांपुढे शेरा पडला: 'थांबा घरासमोर. अपात्र.' ऑगस्टच्या शेवटी बबिताची हजेरी त्रेपन्न टक्क्यांवर आली. तिची आई संगीता एकदा मला रस्त्यात अडवून म्हणाली, "भाऊ, आधी बस नव्हती, पण तीन कोसावर... तीन किलोमीटरवर होती तरी. तुमच्या बातमीनं तेबी गेली. माह्या पोरीले आता घरीच बसवता काय?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. एकोणीस वर्षांत माझ्या बातमीचा कोणावर परिणाम झाल्याचं मला पहिल्यांदाच दिसत होतं.

आम्ही पुन्हा पुंडलिकरावांकडे गेलो. या वेळी शाल नव्हती.

"पुंडलिकराव," मी म्हटलं, "ते आभार मागं घ्यायचे आहेत."

त्यांनी शांतपणे दोन्ही रजिस्टरं दाखवली. "हे सत्काराचं. हे कामाचं. परतीचं रजिस्टर नाई आपल्याकडं. अन् तुमी विचार करा बळीरामभाऊ, उद्या सगळे आभार परत घ्याले लागले, त आमच्यापाशी राहीन काय?"

मग त्यांचे डोळे चमकले. "अरे, पण तुमच्या थांब्याचं लोकार्पण कुठी झालं? म्हणूनच बस थांबत नसन! लोकार्पण न झालेल्या ठिकाणी कोण थांबते?" कॅलेंडर बघून त्यांनी सप्टेंबरातली एक तारीख दिली. "सकाळी सातले तयार राहा. फीत बांधून ठेवा. सायब वेळेचे पक्के हायेत."

त्या दिवशी तांड्याच्या बायांनी पावणेसातलाच लाल फीत रस्त्याच्या या बाजूच्या कडुलिंबापासून त्या बाजूच्या विजेच्या खांबापर्यंत ताणून बांधली. ताटात कात्री, कुंकू आणि नारळ घेऊन रुपीबाई उभ्या होत्या. रुपीबाई म्हणजे नाईकांची बायको. तांडा त्यांना याडी म्हणतो, म्हणजे आई. मी कॅमेरा घेऊन हजर होतो. साहेब आले नव्हते.

सात दहाला बस आली आणि थांबली.

चालक राजदीप खाली उतरला, फितीपाशी आला आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, काढून टाक, कागदाची आहे."

"नाई भाऊ," तो म्हणाला. "म्हैस आडवी आली त म्या हाकलीन. झाड पडलं त उचलीन. पण सायबाची फीत म्या तोडली त उद्या घरी बसीन."

तेवढ्यात बबिता आणि चारही मुली मागच्या दारानं बसमध्ये चढल्या होत्या. अर्ध्या मिनिटात. बबितानं घड्याळात बघितलं, मी पाहिलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी बातमीत लिहिलं नाही.

पण बस पुढे जाईना. साहेबांना फोन लावला, ते नेरला होते. प्रवासी ओरडू लागले. कॉलेजची पहिली तासिका पावणेआठची होती. तेव्हा रुपीबाईंनी ताट माझ्या हातात दिलं, बसमध्ये चढल्या आणि पुढच्या सीटवरच्या एका गृहस्थांसमोर उभ्या राहिल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मारेगावचे निवृत्त पोस्टमास्तर होते, मुलीकडे निघाले होते.

"चला साहेब," रुपीबाई म्हणाल्या, "तुमचा सत्कार हाये."

"माझा? अहो, मी कोण? मी काय केलं?" असं म्हणता म्हणता त्यांनी कॉलर नीट केली होती आणि ते पायरीपर्यंत आलेही होते. नाईकांनी आमदारांसाठी आणलेली शाल त्यांच्या खांद्यावर घातली. पोस्टमास्तरांनी फीत कापली. टाळ्या झाल्या, मी ओरडलो, "इकडे बघा!" आणि सात चौदाला बस सुटली. साहेब साडेअकराला आले. दुसरी फीत बांधली, त्यांनीही कापली. तेव्हा बस नव्हती, पण गर्दी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी फीत नव्हती. बस भरधाव निघून गेली.

त्या रात्री तांड्यावर बैठक झाली म्हणतात, पण माझ्या मते त्याची गरज नव्हती. सगळं रुपीबाईंच्या लक्षात आलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कापलेल्या फितीला गाठ मारली आणि ती पुन्हा रस्त्यावर बांधली. बस थांबली. मुली चढल्या. बसमधल्या एका कापूस व्यापाऱ्याचा सत्कार झाला. तेव्हापासून लालमाती तांड्यावर रोज सकाळी लोकार्पण होतं.

तलाठी, मुख्याध्यापक, बियाण्यांच्या कंपनीचा माणूस, एक भजनी मंडळ, जावयाला भेटायला चाललेले सासरे, अशा सर्वांचे सत्कार झाले. सत्काराचं कारण नाईक ऐन वेळी सांगतात. 'सामाजिक कार्याबद्दल' हे कोणालाही चालतं. शाल एकच आहे. फोटो झाला की नाईक ती अदबीनं परत घेतात आणि म्हणतात, "शाल प्रतीकात्मक हाये साहेब." नारळही बरेच दिवस पहिल्या लोकार्पणाचाच होता, शेवटी हलवला तर आत पाणी वाजत नव्हतं. फीत रोज कापल्यामुळे आखूड होत गेली. मग रुपीबाईंनी आपल्या जुन्या घागऱ्याची आरसे लावलेली पट्टी तिला जोडली. सकाळच्या उन्हात ते आरसे चमकतात आणि राजदीपला वळणावरूनच ब्रेक लावता येतो.

पंधरा दिवसांनी आगारातून चौकशी आली, की सात दहाची गाडी रोज चार मिनिटं उशिरा का पोचते. राजदीपनं खरं कारण लिहून दिलं: 'मार्गात मान्यवरांचा सत्कार.' आम्हाला वाटलं, संपलं. पण आठवड्यात नवं वेळापत्रक आलं आणि त्यात छापलेलं होतं: 'लालमाती तांडा, आगमन ७.१०, प्रस्थान ७.१४, सत्काराकरिता.' मी आगारप्रमुखांना विचारलं, मुलींसाठी अर्धा मिनिट नव्हता, तर हे चार कुठून आले?

"प्रवासी चढण्यासाठी तरतूद नाही," ते म्हणाले. "कार्यक्रमासाठी आहे. पण एक अट आहे, बघा, खाली लिहिलंय. मान्यवर उपस्थित नसल्यास गाडी थांबणार नाही." जाताना त्यांनी सहज विचारलं, "आगारप्रमुखांचा सत्कार कधी ठेवताय?" ठेवला. ते एकटेच असे, की ज्यांनी नारळ परत दिला नाही, म्हणून नाईकांना नवा आणावा लागला.

माझाही सत्कार झाला. ऑक्टोबरात एका सकाळी बस आली आणि मान्यवर मिळेना. बसमध्ये होते ते सगळे आधी सत्कारलेले. रुपीबाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "याडी, माझा नको. हे सगळं माझ्या बातमीनं झालं."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "थांब्यासाठी धडपडल्याबद्दल."

मी नको म्हणणार होतो, खरंच. पण शाल अंगावर आली आणि खांदे आपोआप ताठ झाले. कॅमेरा मी देवसिंगांकडे दिला होता. त्यांनी ओरडून सांगितलं, "इकडं बघा!" आणि मी तिकडे बघितलं. फोटोत मी डावीकडून तिसरा आहे. चेहऱ्यावर जे समाधान आहे, ते मला आजही बघवत नाही.

जानेवारीत हजेरीची यादी लागली. बबिता राठोड, पंच्याहत्तर पूर्णांक दोन टक्के. कॉलेजनं हॉल तिकीट देण्याचं कबूल केलं. देवसिंगांनी उन्हाळ्याचा विषय काढायचं सोडलं, कारण आता त्यांची ओळख तालुक्यातल्या पन्नासेक मान्यवरांशी झाली आहे आणि त्यांना स्वतःचं पद वाढवायचं आहे. त्या दिवशी बबिता माझ्याकडे पेढे घेऊन आली, पण तिचा चेहरा काही फुललेला नव्हता.

"भाऊ, पेपर फेब्रुवारीत हायेत. सात पेपर. सेंटर तालुक्याले. उशीर झाला त आत घेत नाईत."

"मग? बस थांबतेच की."

"मान्यवर सरले," ती म्हणाली. "या रस्त्यानं जाणारे समदे दोन-दोनदा झाले. परवा म्हशीचा डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणे, 'मले आता नवीन शाल पाह्यजे.' आगारवाले म्हणतेत, तोच तो मान्यवर चालणार नाई, नवा लागते. सात दिवसाले सात नवे माणसं पाह्यजेत."

मी विचारलं, कोण चालेल?

"कोणीबी. शिकलेला, न शिकलेला, हुद्द्याचा, बिनहुद्द्याचा. फक्त सात दहाच्या आत याव. तुमी लिहा ना भाऊ, पेपरात. पण माह्यासारखं लिहा, एका ओळीत. लांब लिहिलं का मंग कोणी अर्ध्या मिनिटापर्यंत पोचतच नाई."

तिच्या सांगण्यावरून हे जाहीर निमंत्रण देत आहे, आणि एका ओळीत जमलं नाही याबद्दल तिची माफी मागतो. वाचक हो, सात जागा आहेत आणि मी तुमचं नाव यादीत घातलं आहे. तुम्ही पुण्यातून तो फोटो लाईक केला होता, त्यामुळे लालमातीशी तुमचा जुना संबंध आहेच. हुद्दा नसेल तर चिंता करू नका, 'ज्येष्ठ समाजसेवक' असं लिहू. तुम्ही मनात म्हणत असाल, अहो, मी कोण, मी काय केलं? पोस्टमास्तरही तेच म्हणाले होते. आतापर्यंत एकशे चार सत्कार झाले. एकानंही नकार दिलेला नाही आणि आपला सत्कार करायला ही बस इथे का थांबवली आहे, असं एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका, चार मिनिटं पुरत नाहीत.

पांढरा शर्ट घालून या. शाल अंगावर पडली की मी "इकडे बघा!" असं ओरडेन, तेव्हा माझ्याकडे बघा. नेमक्या त्याच वेळी तुमच्या पाठीमागून पाच मुली धावत बसमध्ये चढत असतात. मागे वळून बघण्याची तुम्हाला आवश्यकता नाही. तशी आपल्याकडे पद्धतही नाही.